वहाळ

वहाळ म्हणजे डोंगरातून किंवा सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) उतरून नदीला वा खाडीला मिळणारा लहान प्रवाह. रत्नागिरीकडे त्याला पऱ्या म्हणतात, सिंधुदुर्गात आणि गोव्यात व्हाळ, घाटमाथ्यावर ओढा. नकाशावर तो बहुधा निनावी असतो. गावाला मात्र त्याचे प्रत्येक वळण नावानिशी ठाऊक असते: अमक्याचा डोह, तमक्याचा साकव, धुण्याचा कातळ. सरकारी कागदावर त्याचा ‘नाला’ होतो, आणि मग त्याच्याशी वागणेही गटारासारखेच होते.

कोकणातला बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, त्यामुळे वहाळाची चार रूपे दिसतात. आषाढात तो गढूळ आणि अंगावर येणारा, दिवाळीला तळाचे खडे मोजावेत इतका नितळ. शिमग्याला धार करंगळीएवढी होते आणि वैशाखात ती तुटून मागे नुसते डोह उरतात. हे डोह जांभूळ, करंज, उंबर, वाळुंज यांच्या सावलीत असले तर पाऊस येईपर्यंत टिकतात. पाण्यातले जे काही जगायचे ते तिथेच जगते. पुढल्या वर्षाचे बियाणे म्हणायचे ते हेच. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर त्यातले मासे प्रवाहाविरुद्ध वर, थेट भातखाचरांपर्यंत अंडी घालायला निघतात. दक्षिण कोकणात त्यांना चढणीचे मासे म्हणतात, उत्तरेकडे वळगणीचे. ते धरायला निम्मे गाव रात्री बत्त्या घेऊन बाहेर पडते.

वहाळातला एखादा दगड उचलून पाहिला तर त्याच्या सावलीतून मातकट पट्ट्यांची मुरी सटकते. तळाशी चिकटून राहणारा हा मासा लांब पोहत नाही. गोड्या पाण्यातल्या खेकड्याचेही तसेच. समुद्री खेकड्याप्रमाणे त्याच्या अळ्या पाण्याबरोबर दूर जात नाहीत. अंड्यातून थेट इवलाले खेकडेच निघतात आणि काही काळ आईच्या पोटाखाली राहतात. लांब न जाणाऱ्या अशा जीवांमुळे सह्याद्रीत एका खोऱ्यातली जात शेजारच्या खोऱ्यात नसणे हे नेहमीचेच. म्हणूनच एक वहाळ मेला तर एखादी जात सगळ्या जगातून जाऊ शकते.

निशाचर बेडकांपैकी ‘निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी’ या जातीचे वर्णन १९५५ मध्ये झाले. नाव पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून. पावसाळ्यात याचा नर प्रवाहावर झुकलेल्या पानावर बसून साद घालतो. मिलनात तो मादीला मिठी मारत नाही, हात पानावर टेकून तिच्या पाठीवर नुसता बसतो. तो बाजूला झाल्यावर मादी पानावरच अंडी घालते. अंडी फुटली की बेडूकमासे टपकन खाली पाण्यात पडतात. काठाची झुडपे ‘साफसफाई’त तोडली, तर पाणी कितीही स्वच्छ असले तरी या बेडकाला अंडी घालायला जागा उरत नाही. तिबोटी खंड्याची अडचण अशीच. हा चिमुकला रंगीत पक्षी ऐन पावसाळ्यात वहाळाच्या मातीच्या दरडीत बीळ कोरून घरटे करतो. दरडीला सिमेंटचे अस्तर झाले की त्याला बीळ कोरता येत नाही.

पूर्वी रामेठ्याची साल किंवा गेळफळे ठेचून पाण्यात टाकत आणि गुंगलेले मासे वेचत. तेही निर्दोष नव्हतेच. आता ब्लीचिंग पावडर, बॅटरीचा शॉक आणि सुरुंग आले आहेत. ऐन उन्हाळ्यात शेवटच्या डोहात ओतलेली पावडर खाण्याजोग्या चार माशांबरोबर पिल्ले, खेकडे, चतुर-टाचण्यांच्या अळ्या सगळेच संपवते. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे. कायद्याचा हात वहाळापर्यंत क्वचितच पोचतो.

दुसरे संकट चांगल्या हेतूने येते. जलसंधारणाच्या नावाखाली जेसीबीने खोलीकरण-रुंदीकरण झाले की दगड, वळणे, डोह आणि सावली एका दिवसात जातात. राहतो तो सरळ चर. त्यात पाणी साठेलही, पण पाणी साठणे आणि वहाळ जगणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आराखड्यांत अजून फारसे उतरलेले नाही. शेतकऱ्यांचे दगड-माती-पेंढ्याचे कच्चे बंधारे या बाबतीत शहाणे होते. पाट काढून बागेला पाणी मिळे आणि पहिल्या पुराने बंधारा वाहून गेला की चढणीच्या माशांना वाट मोकळी होई. पक्का बंधारा किंवा तळापासून हातभर उंच बसवलेली रस्त्याखालच्या मोरीची नळी ही वाट कायमची अडवते.

संरक्षणाचा जुना मार्ग देवाचा. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळणकोंड येथे वरदायिनी देवीच्या नावाने महसीर मासे राखले आहेत. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या डोहातले मासे तिळसेश्वराचे मानले जातात. अर्थात देवाचा मान मोठ्या, डोळ्यांत भरणाऱ्या माशालाच मिळतो. मुरीला कोणी चुरमुरे टाकत नाही. आंबोलीला मात्र मुरीचाही मान झाला. तिथे हिरण्यकेशीच्या उगमावरच्या महादेव मंदिराच्या कुंडात सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या नव्या जातीचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. राज्य शासनाने २०२१ मध्ये त्या परिसराचे २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. करंगळीएवढ्या माशासाठी असा निर्णय होणे विरळाच.

जे वहाळ ना देवाचे ना शास्त्रज्ञांच्या नजरेतले, त्यांच्यासाठी उपाय साधे आहेत. उन्हाळी डोहात मासेमारी बंद ठेवावी, काठची शेरणीची झुडपे आणि वाळुंज तोडू नये, चढणीच्या पहिल्या काही रात्री जाळी लावू नये, मोरीची नळी तळाशी समतल बसवावी. यांपैकी बहुतेक गोष्टी ग्रामसभा ठराव करून करू शकते. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असायची आहे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. पुष्कळ ठिकाणी ही वही कंत्राटदाराकडून भरून घेतलेली, एकीची दुसरीवर नक्कल असते. डोहांची नावे, कोणता डोह कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो, पूर्वी कोणते मासे चढत आणि आता कोणते चढत नाहीत, हे गावातल्या गरवणाऱ्या (गळाने मासे धरणाऱ्या) म्हाताऱ्यांना विचारून लिहिलेले पान त्यात क्वचितच सापडते.