ओल गेल्यावरची छपाई

ओलीने खराब झालेला आतल्या भिंतीचा गिलावा काढून, भिंत वाळवून तो नव्याने करण्याचे काम. विदर्भाच्या खेड्यांत गिलाव्याला छपाई आणि ती करणाऱ्याला मिस्त्री म्हणतात.

विटांच्या घरात ओल बहुधा खालून चढते. जोत्यावर ओलरोधक थर नसतो, मागच्या भिंतीला न्हाणी टेकलेली असते, किंवा थरावर थर पडत गावातला सिमेंट रस्ता जोत्याच्याही वर गेलेला असतो. विटेच्या बारीक छिद्रांतून पाणी साधारण मीटरभर चढते. न्हाणीचे पाणी नालीत सोडले, भिंतीलगतची माती उतरवली, की पाणी थांबते. पण त्याने वर आणलेले क्षार गिलाव्यातच राहतात. हाच लोणा. त्यातली क्लोराइडे व नायट्रेटे हवेतला ओलावा ओढून घेतात. म्हणून झड लागली की कुठेही गळत नसताना जुना डाग त्याच जागी उमटतो, आणि बोल मिस्त्रीला लागतो.

गिलावा डागापुरता काढून भागत नाही. डागाच्या वर दीड फुटापर्यंत तरी काढावा. ठोकून पाहिल्यावर पोकळ वाजेल तेवढाही जातोच. विटांच्या सांध्यांतला भुसभुशीत मसाला अर्धा इंच खोल कोरतात. पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाकावी. पाण्याने धुतली तर विरघळून पुन्हा विटेत शिरते.

मग थांबायचे. नऊ इंची भिंत पुरती वाळायला कित्येक महिने लागतात, आणि घाई नेमकी इथेच होते, कारण घरात लग्न असते. दिवाळीनंतर खरवडून फेब्रुवारी-मार्चमध्ये छपाई केलेली बरी. वाळली का हे पाहायला प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून दिवसभर ठेवतात. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर काम पुढे ढकलावे.

मसाला १:६, म्हणजे एक घमेले सिमेंटला सहा घमेली चाळलेली रेती. थर १२ ते १५ मिमी. खड्डा खोल असेल तर दोन हात द्यावेत. खरी अडचण अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात येते. तिथे बोअरचे खारे पाणी मसाल्यात आणि नंतरच्या तराईत (ताज्या छपाईवर रोज पाणी मारण्यात) वापरले, तर खरवडून काढलेला लोणा आपणच बादलीने परत भिंतीत भरतो. नळाचे किंवा टँकरचे गोडे पाणी यासाठी राखून ठेवावे. तराई किमान सात दिवस. मेच्या उन्हात सकाळी मारलेले पाणी दुपारपर्यंत टिकत नाही.

खालच्या पट्ट्याला पीओपी लावू नये, ते ओल धरते. ऑइल पेंटची हौसही पहिला पावसाळा होईपर्यंत आवरावी, कारण त्याखाली वाफ कोंडते आणि फोड येतात. तोवर साधा चुना पुरतो. मातीच्या भिंतींना ही कृती लागू नाही. त्यांना पांढऱ्या मातीचे लिंपणच मानवते, सिमेंटचा पापुद्रा एक-दोन पावसाळ्यांत सुटून येतो.