योजनेत बसतं का?

महाराष्ट्रातल्या मोठ्या रुग्णालयात ऑपरेशनचा विषय निघाला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे योजनेत बसतं का?’ योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. जुनी माणसं अजून तिला ‘जीवनदायी’च म्हणतात. या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत: आजार बसतो का आणि माणूस बसतो का. गेल्या पाऊणशे वर्षांत सरकारची शक्ती मुख्यतः दुसऱ्या प्रश्नावर खर्च झाली.

स्वतंत्र भारतात विम्याचं छत्र आधी पगारदारावर धरलं गेलं. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८चा. योजना १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. मालकाने काही द्यायचं, कामगाराच्या पगारातून काही कापायचं आणि त्या बदल्यात घरच्यांसकट उपचार, अशी सोय. १९५४ साली केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वेगळी योजना आली. शेतमजूर, ऊसतोड कामगार, धुणीभांडी करणाऱ्या बाया, हमाल यांच्या पगाराची चिठ्ठीच नव्हती. मग कापायचं कशातून? त्यांच्यासाठी सरकारी दवाखाना होता आणि तिथे भागलं नाही, तर सावकार.

वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामला मात्र वेगळं काही घडत होतं. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयातल्या डॉ. उल्हास जाजूंनी आजूबाजूच्या गावांत ज्वारीचा विमा रुजवला. सुगी झाली की प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जमीनवाल्याने जास्त, भूमिहीनाने कमी. बदल्यात अचानक उद्भवलेल्या आजारावर मोफत उपचार मिळत आणि आधी ठरवून करता येणाऱ्या उपचारांना सवलत. या कामाचा मला फार आदर वाटतो, कारण गरीब कोण हे ठरवायला तिथे तहसीलदाराचा दाखला लागत नव्हता. कोणाची किती ऐपत, हे गावालाच ठाऊक होतं. पुढे सरकारला अडलं ते नेमकं इथेच.

राज्य सरकारने १९९७ साली जीवनदायी आरोग्य योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाच्या हृदय, मूत्रपिंड, मेंदूच्या शस्त्रक्रियांचा खर्च त्यातून मिळे. हा विमा नव्हता, सरकारी मदत होती. दिल्लीने २००३ साली ‘रोज एक रुपया’ भरून घ्यायचा विमा काढला, ३० हजारांच्या उपचारांचा. पण वर्षाचे ३६५ रुपये एकरकमी भरायचे होते, तेही अजून न झालेल्या आजारासाठी. ज्याच्या घरात उद्याच्या पिठाची चिंता आहे तो हे कसं करणार? गरिबांकडून प्रतिसाद फारच थोडा मिळाला.

२००८मध्ये कार्डं वाटायला लागलेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेने ही चूक सुधारली. हप्ता केंद्र आणि राज्याने भरायचा, कुटुंबाने फक्त ३० रुपये नोंदणी. बोटाचा ठसा असलेलं स्मार्ट कार्ड, पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३० हजार. शिवाय दर खेपेला १०० रुपये प्रवासखर्च, वर्षाला १,००० पर्यंत. एसटीचं तिकीटही उपचाराच्या खर्चात धरायचं असतं, हे ज्याला सुचलं त्याने गरिबी जवळून पाहिली असावी. पण ३० हजारांत बायपास होत नाही.

मोठ्या शस्त्रक्रियांचा रस्ता शेजारच्या आंध्रने दाखवला, २००७च्या आरोग्यश्री योजनेतून. त्याच धर्तीवर २ जुलै २०१२ रोजी आपल्याकडे राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. आधी गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि उपनगर या आठ जिल्ह्यांत, नोव्हेंबर २०१३पासून राज्यभर. ९७२ उपचार, कुटुंबाला वर्षाला दीड लाख, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच लाख. हप्ता पूर्ण सरकारचा. योजनेत घेतलेल्या प्रत्येक रुग्णालयात एक आरोग्यमित्र बसवला. बावरलेल्या नातेवाइकाला कोणता कागद कुठे द्यायचा, हे सांगणारं हक्काचं माणूस तिथे मिळालं.

सगळ्यात महत्त्वाचा बदल पात्रतेत झाला. दारिद्र्यरेषेची वेगळी यादी बाजूला ठेवून रेशनकार्डाचा रंग धरला. पिवळं आणि केशरी कार्ड म्हणजे वर्षाचं उत्पन्न एक लाखापर्यंत. घरोघरी असलेला कागद चालू लागल्याने असंख्य लोक आत आले. पांढरं कार्ड मात्र बाहेरच राहिलं. पुढे आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना आत घ्यावं लागलं. कार्डाचा रंग आणि घरची हालत जुळत नाही, याचीच ती कबुली होती.

२०१७ साली योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. सप्टेंबर २०१८मध्ये रांचीहून सुरू झालेली केंद्राची आयुष्मान भारत योजना पाच लाखांची. पण तिची यादी २०११च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतली. त्या वेळी नोंद न झालेलं कुटुंब नंतर कितीही खचलं तरी त्या यादीत येत नव्हतं. १ एप्रिल २०२०पासून राज्याने दोन्ही योजना एकत्र राबवायला घेतल्या. एकाच खिडकीवर एका कुटुंबाला पाच लाख, दुसऱ्याला दीड लाख, असा प्रकार होऊ लागला. तेवढ्यात कोविड आला आणि पांढऱ्या कार्डालाही दार उघडावं लागलं. २८ जुलै २०२३च्या शासन निर्णयाने सर्व रेशनकार्डधारकांना पाच लाखांचं संरक्षण, १,३५६ उपचार आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाला साडेचार लाख असं ठरलं. अंमल १ जुलै २०२४पासून.

माणूस बसतो का, हा प्रश्न महाराष्ट्रात असा बराचसा सुटला. आजार बसतो का, हा तसाच आहे. योजना दाखल झालेल्या रुग्णाची, तीही यादीतल्या उपचारांपुरती. बीपीची, साखरेची रोजची गोळी, दर तीन महिन्यांची तपासणी, गावातल्या डॉक्टरची फी तिच्यात येत नाही. १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत केलं गेलं, हे चांगलंच झालं. पण तिथे औषध संपलेलं असलं की चिठ्ठी बाहेरच्या मेडिकलची मिळते आणि ते पैसे खिशातून जातात. परवडत नाही म्हणून गोळी बंद केलेल्या माणसाला पक्षाघाताचा झटका आला, की तो योजनेत बसतो.