बायोफीडबॅक प्रशिक्षण : पहिल्या बैठकीला येण्याआधी

बायोफीडबॅक म्हणजे शरीरातले बदल यंत्राच्या पडद्यावर पाहत ते स्वतः बदलायला शिकणं. वायरी लावल्यावर शॉक बसेल का, असं आम्हाला नेहमी विचारलं जातं. बसत नाही. बोटाला, कपाळाला किंवा खांद्याला लावलेले सेन्सर शरीरातल्या घडामोडी टिपतात. तळहाताचा घाम मोजणारा सेन्सर अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह वापरतो, पण तो जाणवतसुद्धा नाही. यंत्र तुमच्यावर कोणतेही उपचार करत नाही. शरीरात काय चाललं आहे ते दाखवतं, आणि पुढचं काम तुम्ही करता.

बोटांचं तापमान

काळजी वाटली, घाई झाली, घरात कुणाशी वाजलं, की मज्जासंस्था हातापायांच्या त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसून घेते. रक्त कमी पोचतं आणि बोटं गार पडतात. मन निवलं की रक्तवाहिन्या सैलावतात आणि ऊब परत येते. हे दिवसभर चालू असतं. बदल लहान असल्यामुळे आपलं लक्ष जात नाही. बोटाच्या पेरावर लावलेला सेन्सर मात्र अंशाच्या दहाव्या भागाचा फरकही पडद्यावर लगेच दाखवतो. तानपुऱ्यावर रियाज करताना सूर उतरला की त्याच क्षणी कानाला कळतं, म्हणून तो सुधारता येतो. इथलं शिकणंही तसंच आहे.

पहिल्या बैठकीत जवळजवळ प्रत्येक जण एकच गोष्ट करतो : दात आवळून बोट गरम करायला बघतो. आकडा खाली जातो. जोर लावणं हाच शरीरासाठी ताण असतो. मग खांदे सोडले, श्वास लांबला, आकड्याचा नाद सुटला, की थोड्या वेळानं आकडा आपोआप वर सरकू लागतो. मनातल्या हालचालीचा शरीरावर होणारा परिणाम स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं, हे आमच्या मते या प्रशिक्षणातलं सर्वांत मोलाचं आहे. सांगून जे पटत नाही ते इथे पाहून पटतं.

अर्धशिशीसाठी ही पद्धत कशी आली, तेही ऐकण्यासारखं आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपिका इथे मेनिंजर फाउंडेशनमध्ये एल्मर आणि ॲलिस ग्रीन हे दांपत्य संशोधन करत होतं. प्रयोगाला बसलेल्या एका बाईंची अर्धशिशी उतरली, तेव्हाच त्यांचे हात झपाट्यानं गरम झाल्याचं दिसलं. त्यावरून रुग्णांना हात उबदार करायला शिकवण्याचा विचार पुढे आला. 1970 मध्ये भारतातले योगी स्वामी राम यांनी तिथेच एका तळहाताच्या दोन बाजूंच्या तापमानात सुमारे दहा अंश फॅरनहाइटचा फरक पाडून दाखवला.

आपल्याकडे लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली आणि योगक्रिया उपकरणांनी तपासायला सुरुवात केली. अशा तपासण्यांतून मर्यादाही कळतात. हृदय थांबवतो म्हणणाऱ्या योग्यांची भारतात तपासणी झाली, तेव्हा श्वास कोंडून स्नायू आवळल्यामुळे नाडी आणि ठोके कळेनासे होत होते. ईसीजीवर मात्र हृदय चालूच असलेलं दिसलं. शरीरावर मनाचा अंमल चालतो, पण हवा तितका नाही.

श्वास आणि नाडी

श्वास घेताना नाडी थोडी वेगानं चालते, सोडताना मंदावते. मिनिटाला साधारण सहा श्वासांची लय साधली, तर हा चढउतार बहुतेकांमध्ये सर्वांत मोठा होतो. ‘ओम मणि पद्मे हुं’ या मंत्राच्या आणि लॅटिन भाषेतल्या ख्रिस्ती जपमाळेच्या पठणानंही श्वास याच लयीला येतो, असं 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. तुमची नेमकी लय आम्ही पडद्यावर पाहून ठरवतो.

कुणी यावं, कुणी आधी डॉक्टरांकडे जावं

अर्धशिशी, ताणामुळे होणारी डोकेदुखी, जबडा किंवा मान आवळून धरण्याची सवय, यांत या प्रशिक्षणाचा चांगला उपयोग होतो. खोकताना-शिंकताना लघवी होण्याच्या त्रासासाठीही ते वापरतात, पण ते काम प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचं आहे. आम्ही ते करत नाही. उच्च रक्तदाबात ते गोळ्यांच्या जोडीला चालेल, गोळ्यांऐवजी मुळीच नाही. इन्शुलिन, थायरॉइड किंवा रक्तदाबाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगून या. शरीर शांत राहू लागलं की औषधाची मात्रा बदलावी लागू शकते, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

डोकं अचानक, पूर्वी कधी नव्हतं इतकं दुखू लागलं, किंवा सोबत बोलणं अडखळलं, हातापायांत अशक्तपणा आला, तर आमच्याकडे येऊ नका. थेट रुग्णालय गाठा.

खरा सराव घरी होतो, रोज पंधरा-वीस मिनिटं. काही बैठकांनंतर आम्ही पडदा झाकून ठेवतो आणि न बघता आकडा ओळखायला सांगतो. अंदाज बरोबर येऊ लागला, बसस्टॉपवर किंवा ऑफिसातही बोटं उबदार करता येऊ लागली, की आमचं काम संपलं. त्यानंतर बैठका वाढवण्याचा आग्रह आम्ही धरत नाही.

येताना

बैठकीच्या आधी तासभर चहा, कॉफी, तंबाखू किंवा सिगारेट घेऊ नका. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि मोजमाप चुकतं. नेलपॉलिश काढून या. उन्हातून आल्यावर हात खोलीच्या तापमानाला यायला वेळ लागतो, म्हणून पंधरा मिनिटं आधी पोचा. चालू औषधांची यादी आणि डोकेदुखी असेल तर गेल्या महिन्यात ती कोणत्या दिवशी, किती वेळ झाली याची नोंद सोबत आणा.