मधुमेहातला एंडोथेलियल बिघाड

मधुमेहात साखर जास्त राहिली की रक्तवाहिन्यांच्या आतल्या पातळ अस्तराचं, म्हणजे एंडोथेलियमचं, काम बिघडतं, त्याला हे नाव आहे. डोळ्याचा पडदा, किडनी, हृदय आणि पाय इथल्या गुंतागुंतींच्या मुळाशी हा बिघाड असतो, आणि बऱ्याचदा तो लक्षणं दिसायच्या खूप आधी सुरू झालेला असतो.

हे अस्तर एका पेशीइतक्याच जाडीचं असतं, त्यामुळे बरीच वर्षं ते नुसतं आवरण समजलं जायचं. 1980 मध्ये रॉबर्ट फर्चगॉट आणि झावाड्झ्की यांनी सशाच्या महाधमनीवर दाखवलं की अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाने वाहिनी सैल पडते ती अस्तर शाबूत असेल तरच, प्रयोगासाठी वाहिनीची पट्टी कापताना ते घासून निघालं तर ती उलट आकसते. अस्तरातून सुटणारा तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइड आहे हे 1986-87 च्या सुमारास ठरलं आणि 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. (मोनकाडा यांच्या गटाचं कामही तितकंच निर्णायक होतं, ते यादीत नाहीत याची हळहळ आजही व्यक्त होते.) नायट्रिक ऑक्साइड वाहिनी सैल ठेवतो, प्लेटलेट्सना एकत्र चिकटू देत नाही आणि पांढऱ्या पेशींना भिंतीला धरू देत नाही, त्यामुळे तो कमी पडला की तिन्ही बाजूंनी नुकसान होतं.

साखरेचा फटका याच पेशींना का बसतो? स्नायूपेशी इन्सुलिनशिवाय फारशी साखर आत घेत नाहीत, पण अस्तराच्या पेशींमध्ये साखर ग्लुट-1 या वाहकातून इन्सुलिनविना येते आणि रक्तात साखर वाढली तरी या पेशी तो वाहक पुरेसा कमी करत नाहीत. म्हणजे बाहेर वाढली की आतही वाढते.

आत गेल्यावर नेमकं काय होतं, यावर मात्र वाद आहे. पॉलिऑल मार्ग, प्रोटीन कायनेज सी, हेक्सोसामीन मार्ग आणि प्रथिनांना साखर चिकटून बनणारे एजीई हे पेशीला इजा करणारे चार रासायनिक मार्ग आधीपासून वेगवेगळे माहीत होते. 2000 नंतरच्या काही वर्षांत मायकेल ब्राउनली यांच्या गटाने ते एका सूत्रात बांधले: जादा साखरेमुळे मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत, सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा घातक रेणू वाढतो, त्याने डीएनए तुटतो, पार्प नावाचं एन्झाइम जागं होतं, ते साखर तोडण्याच्या साखळीतल्या जीएपीडीएच या एन्झाइमला अडवतं आणि त्याच्या वरच्या अंगाला साठलेले रेणू या चार मार्गांत वळतात. मांडणी देखणी आहे आणि पाठ्यपुस्तकांत पक्की बसली आहे, पण तिचा मोठा आधार प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी, त्याही लिटरला सुमारे 30 मिलिमोल म्हणजे डेसिलिटरला 540 मिलिग्रॅम इतक्या साखरेत ठेवलेल्या. शिवाय अस्तराच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा ग्लायकोलिसिसमधूनच, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाबाहेर साखर तोडूनच, मिळवतात, मायटोकॉन्ड्रियावर त्या तितक्या विसंबून नसतात, आणि नंतर मधुमेही उंदरांच्या किडनीत सुपरऑक्साइड वाढण्याऐवजी घटलेला दिसला. दुसरा पक्ष मुख्य दोष एनएडीपीएच ऑक्सिडेज या एन्झाइमला देतो. तिसरी बाब म्हणजे खुद्द नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइमच बीएच-4 हा सहघटक कमी पडला की नायट्रिक ऑक्साइडऐवजी सुपरऑक्साइड सोडायला लागतं. उगम एकच असावा असं धरून चालण्यापेक्षा वेगवेगळ्या अवयवांत वेगवेगळा उगम पुढे असतो, हे मत पुराव्यांशी जास्त जुळतं. टाइप 2 मध्ये तर इन्सुलिन रेझिस्टन्स (पेशींनी इन्सुलिनला दाद न देणं) आणि रक्तातली फॅटी अ‍ॅसिड्सही नायट्रिक ऑक्साइड बनवणारं हे एन्झाइम मंदावतात, त्यामुळे सगळा दोष साखरेवर टाकता येत नाही.

निरोगी माणसात काही तास साखर चढती ठेवली तरी हाताच्या वाहिन्या कमी सैल पडतात असं 1990 च्या दशकातल्या काही प्रयोगांत दिसलं, सगळ्यांत नाही. हाताला पट्टा आवळून सोडल्यावर धमनी किती फुलते हे अल्ट्रासाउंडने मोजायची पद्धत 1992 पासून रुळली, पण मोजणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून असल्याने ती रोजच्या तपासणीत आली नाही.

नुकसान साखर उतरल्यावरही टिकतं. अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी या अभ्यासात 1983 ते 1993 टाइप 1 चे 1,441 रुग्ण होते; ज्यांच्या डोळ्यांत आधी काहीच बिघाड नव्हता त्यांच्यात साखरेच्या कडक नियंत्रणाने रेटिनोपथीचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या बिघाडाचा, धोका 76 टक्के कमी झाला. पुढे कडक आणि नेहमीच्या नियंत्रणातल्या दोन्ही गटांचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा) जवळपास सारखं झालं तरी आधी कडक नियंत्रणात असलेल्यांचा फायदा वर्षानुवर्षं टिकला. याला मेटाबॉलिक मेमरी म्हणतात. टिकून राहिलेले एजीई आणि जनुकांवरच्या एपिजेनेटिक (जनुक न बदलता त्याचं काम बदलणाऱ्या) खुणा हे त्याचं कारण मानलं जातं. म्हणून सुरुवातीची वर्षं इतकी मोलाची. उलट 2008 मध्ये अ‍ॅकॉर्ड अभ्यासातला कडक नियंत्रणाचा भाग जास्त मृत्यू दिसल्याने लवकर थांबवावा लागला. ते रुग्ण टाइप 2 चे, वयस्क आणि हृदयाचा धोका आधीच जास्त असलेले होते.

थेट या मार्गांवर नेम धरलेली औषधं फारशी चालली नाहीत: सुपरऑक्साइडसारख्या रेणूंना रोखण्यासाठी दिलेल्या व्हिटॅमिन ई चा होप या अभ्यासात हृदयाला फायदा दिसला नाही, प्रोटीन कायनेज सी रोखणारं रुबॉक्सिस्टॉरिन बाजारात पोचलं नाही, पॉलिऑल मार्ग रोखणारं एपालरेस्टॅट जपान आणि भारतात मज्जातंतूंच्या त्रासासाठी वापरतात.