हिवाळी आपत्ती आणि मदतीतील विषमता (खानदेश)

थंडीची लाट, दहिवर गोठणे, हिवाळ्यातला अवकाळी पाऊस व गारपीट यांनी माणसे, पिके आणि जनावरे यांचे नुकसान होते. ते सगळ्यांचे सारखे दिसत नाही आणि सारखे मोजलेही जात नाही, त्यामुळे मदतही सारखी पोहोचत नाही. प्रस्तुत नोंदीत या तफावतीचा विचार मुख्यतः जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांपुरता केला आहे. खानदेश बाहेरच्यांना उन्हाळ्यासाठी माहीत आहे. भुसावळ-जळगावचा मे महिन्यातला पारा दरवर्षी बातमी होतो. त्याच तापी खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, याची दखल मात्र बहुधा एखाद्या चौकटीत उरकली जाते.

संज्ञा व व्याख्या : ‘थंडीची लाट’ हा शब्द हवामान खात्याच्या परिभाषेतून आला आणि वृत्तपत्रांनी तो रुळवला. बोलीतला जुना शब्द ‘हिव’ किंवा ‘हिंव’. तो संस्कृत ‘हिम’पासून आला, याबद्दल फारसे दुमत नाही. अहिराणीत ‘हिव वाजणे’ हा प्रयोग रोजचा आहे, आणि ‘हिवताप’ या शब्दात थंडी व तिने अंगात भरणारी हुडहुडी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. हिव ही अंगाने ओळखायची गोष्ट आहे, तर लाट ही आकड्याने ठरते. पुढच्या बऱ्याच वादांचे मूळ या फरकात आहे.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या सध्याच्या निकषानुसार मैदानी भागात एखाद्या केंद्रावर किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असेल, तर थंडीची लाट मानतात. तफावत ६.४ अंशांहून अधिक असल्यास ती तीव्र लाट होते. सरासरी काहीही असो, पारा ४ अंश किंवा त्याखाली गेला तर लाट आणि २ अंश किंवा त्याखाली गेला तर तीव्र लाट धरतात. याआधीच्या निकषात सरासरी किमान तापमान १० अंशांच्या वर की खाली, यावरून केंद्रांचे दोन वर्ग पाडले जात. त्यामुळे जुन्या आणि नव्या नोंदींतली ‘लाटेच्या दिवसांची’ संख्या शेजारी ठेवून तुलना करणे धोक्याचे आहे.

हा तपशील कोरडा वाटेल, पण खानदेशात त्याचे परिणाम थेट आहेत. जळगावची जानेवारीतली सरासरी किमान पातळी साधारण ११-१२ अंशांच्या आसपास असते. म्हणजे पारा सातच्या घरात आल्याशिवाय लाट जाहीर होणार नाही. केळीची नवी पाने निघणे मात्र दहाच्या आसपासच मंदावते. दहा आणि सात या दोन आकड्यांच्या मधल्या रात्री बागेचे नुकसान होत असते आणि कागदावर थंडी ‘सामान्य’ असते.

दुसरा तांत्रिक मुद्दा उंचीचा आहे. वेधशाळेतला तापमापक जाळीदार लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात झपाट्याने टाकते आणि गवताच्या पात्याजवळचे तापमान पेटीतल्यापेक्षा कित्येक अंशांनी खाली जाते. पेटीत तीन-चार अंश असताना गवतावर बर्फ दिसतो तो यामुळे. डोंगरउतारावरची गार, जड हवा रात्रभर घरंगळत खोलगट भागात साचते, म्हणून एकाच गावशिवारात वरच्या शेतात पीक सुखरूप आणि नाल्याकाठच्या शेतात करपलेले, असे घडते. अक्कलकुवा तालुक्यातील डाब, वालंबा आणि अक्राणी तालुक्यातील तोरणमाळ परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या अनेक हिवाळ्यांत येतात. ‘पारा शून्याखाली गेला’ हे त्यांतले विधान तपासून घ्यावे लागते. पण मापक तेवढा खाली गेला नाही म्हणून गोठणे झालेच नाही, असे म्हणणे त्याहून चुकीचे आहे.

गारपिटीच्या वर्गीकरणाबाबतही एकमत नाही. हवामान खाते जानेवारी-फेब्रुवारीला हिवाळा आणि मार्च ते मे या काळाला मोसमीपूर्व हंगाम मानते. फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीस सुरू होऊन मार्चच्या मध्यापर्यंत चाललेली गारपीट या दोन्ही कप्प्यांत पडते. काही अभ्यासक तिला उन्हाळी वादळांच्या घटनांत घालतात. पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळी प्रणाली) आणि बंगालच्या उपसागराकडून आलेले बाष्प यांच्या संयोगावर भर देणारे तिला हिवाळी प्रणालीचे लांबलेले शेपूट मानतात. शेतात उभे पीक रब्बीचे होते हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक पटण्यासारखे आहे.

नुकसानीचे स्वरूप : थंडीची अडचण अशी की ती सगळ्यांची शत्रू नाही. गहू आणि हरभऱ्याला ती हवीच असते. ‘थंडी रब्बीला पोषक’ हे वाक्य दर हिवाळ्यात छापून येते आणि ते खरेही आहे. त्याच रात्री रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या केळीवर मात्र चरका (थंडीने होणारी इजा) येतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जिल्ह्याची ओळख या पिकाशी बांधलेली आहे, म्हणून केळीचे नुकसान निदान बोलले तरी जाते. पण तेही दिसायला उशीर लागतो. थंडीच्या दुसऱ्या दिवशी बागेत उभे राहिले तर झाड हिरवेच असते. आठ-दहा दिवसांनी कडेची पाने पिवळी पडू लागतात आणि पोगा (गुंडाळलेले कोवळे पान) उलगडेनासा होतो. निसवणीला आलेल्या झाडात घड वरून नीट बाहेर पडण्याऐवजी खोडाच्या गळ्यात अडकतो, कधी बुंध्याची बाजू फाडून निघतो. अशा घडाची फळे आखूड व वाकडी राहतात. तयार मालाच्या सालीखालच्या नळ्या काळवंडतात आणि पिकल्यावर सालीला राखट छटा येते. व्यापारी तो माल पडत्या भावाने मागतो. भाव पडला हे नुकसान पंचनाम्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

उपाय जुने आहेत व कृषी विद्यापीठाच्या शिफारशींतही आहेत : रात्री पाणी देणे, बांधावर पहाटे काडीकचरा पेटवून धूर करणे, घडावर पिशवी चढवणे, बुंध्याशी निंबोळी पेंड टाकणे, उत्तरेच्या बाजूला शेवरी किंवा गजराज गवताची वारारोधक ओळ लावणे. यातला पहिला उपाय माणसाच्या जिवावर येतो. त्याबद्दल पुढे.

मदतीची चौकट : आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ खाली राष्ट्रीय व राज्य आपत्ती प्रतिसाद निधी उभे आहेत. महाराष्ट्रासारख्या राज्यांत राज्य निधीचा ७५ टक्के वाटा केंद्राचा, २५ टक्के राज्याचा असतो. मदतीस पात्र आपत्तींच्या केंद्रीय यादीत गारपीट आधीपासून होती. ‘थंडीची लाट व हिमदाह’ यांचा समावेश २०१२ मध्ये झाला. उष्णतेची लाट बराच काळ या यादीत नव्हती, थंडीची होती. म्हणजे कायद्याने थंडीकडे पाठ फिरवली असे म्हणता येत नाही. अडचण अंमलाच्या पायरीवर आहे.

पीकहानीसाठी किमान ५० टक्के नुकसानीची अट २०१५ मध्ये ३३ टक्क्यांवर आणली गेली. त्या वेळच्या दरांनुसार कोरडवाहूला हेक्टरी ६,८०० रुपये, बागायतीला १३,५०० आणि बहुवार्षिक पिकांना १८,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत मिळत. २०२२ पासून हे दर अनुक्रमे ८,५००, १७,००० आणि २२,५०० रुपये झाले. तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. गारांनी झोडपलेल्या शेतात ३३ टक्क्यांचा अंदाज बांधावरूनही येतो. चरका आलेल्या बागेत पथक लवकर आले तर नुकसान दिसत नाही, आणि उशिरा आले तर ते थंडीचेच की करपा रोगाचे, असा प्रश्न निघतो.

दुसरा मार्ग हवामान आधारित फळपीक विम्याचा. त्यात पंचनामा नसतो, आकडा असतो. अलीकडच्या बऱ्याच हंगामांत केळीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस ८ अंश किंवा त्याखाली तापमान, असा निकष राहिला आहे. मोजमाप महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर होते. दोन रात्री ७ अंश आणि तिसऱ्या रात्री ८.३ अंश नोंदले गेले, तर परतावा नाही. केंद्र गावठाणाजवळ आणि बाग तापीकाठच्या खोलगटात असली, तरी फरक धरला जात नाही. २०२० च्या हंगामात निकष बदलल्यावर जळगाव जिल्ह्यात मोठी ओरड झाली, लोकप्रतिनिधींनी विषय लावून धरला आणि पुढे निकष पुन्हा बदलले. संघटित पिकाचा आवाज किती दूर जातो याचे हे चांगले उदाहरण आहे. तसा आवाज नसलेल्यांचे काय, हे त्यातूनच पुढे विचारावे लागते.

लक्ष कोणाकडे जाते : या प्रश्नावर दोन अभ्यास पायाभूत मानले जातात. टिमोथी बेस्ली व रॉबिन बर्जेस या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये भारतीय राज्यांच्या १९५८ ते १९९२ या काळातील आकडेवारीवरून दाखवले की, जिथे वृत्तपत्रांचा खप अधिक, तिथे पीकहानीनंतर राज्य सरकार अधिक तत्परतेने हलते. हा परिणाम मुख्यतः राज्याच्या भाषेतील वृत्तपत्रांचा आहे. थॉमस आयझेन्से व डेव्हिड स्ट्रॉमबर्ग यांनी २००७ मध्ये १९६८ ते २००२ या काळातील सुमारे ५,००० आपत्ती तपासल्या. ऑलिंपिकसारख्या मोठ्या बातमीच्या काळात आलेल्या आपत्तीला अमेरिकेची मदत मिळण्याची शक्यता कमी होते, असे त्यांना आढळले. ज्वालामुखीतल्या एका मृत्यूइतकी बातमी मिळायला अन्नटंचाईत सुमारे ४०,००० मृत्यू व्हावे लागतात, हा त्यांचा हिशेब प्रसिद्ध आहे. जगाच्या पातळीवर फेब्रुवारी २०२१ मधील टेक्सासचे हिमवादळ (राज्याच्या मोजणीनुसार २४६ मृत्यू) घरोघरी पोहोचले. २००९-१० च्या हिवाळ्यात मंगोलियात ८० लाखांहून अधिक जनावरे दगावली, ती बातमी फार थोड्यांपर्यंत गेली.

खानदेशाला बेस्ली-बर्जेस यांचे विवेचन अधिक लागू पडते. जळगाव व धुळ्यात मराठी वृत्तपत्रांच्या आवृत्त्या आहेत, वाचक आहेत, केळी-कापसाचा बाजार आहे. सातपुड्यातल्या भिलोरी व पावरी बोलणाऱ्या पाड्यांवर यातले काहीच त्या प्रमाणात नाही. तिथल्या थंडीची बातमी होते ती छायाचित्राने : गवताच्या छपरावरचा, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावरचा पांढरा थर, आणि खाली पर्यटकांना आमंत्रण. त्या छपराखाली रात्रभर चूल धगधगत ठेवून बसलेले घर चौकटीबाहेर राहते. गोठलेला तोच थर एका बातमीत निसर्गसौंदर्य आणि दुसऱ्या तालुक्यात नैसर्गिक आपत्ती ठरावा, ही विषमता या विषयाच्या गाभ्याशी आहे.

वेळेचाही भाग असतो. २०१४ ची गारपीट राज्यातल्या ३५ पैकी २८ जिल्ह्यांत झाली आणि धुळ्यासह खानदेशचा मोठा भाग तिच्या तडाख्यात होता. ५ मार्चला लोकसभेची निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली होती, त्यामुळे मदतीला निवडणूक आयोगाची वाट पाहावी लागली. तरीही त्याच महिन्यात सुमारे ४,००० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. पाचाटासारख्या झालेल्या द्राक्षबागा, गारांखाली आडवा गहू, हातात धरून दाखवलेली गार ही दृश्ये देशभर गेली होती. थंडीच्या लाटेला असे एखादे दृश्य नसते.

जुन्या नोंदींतही हाच कल दिसतो. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरात १८०२-०४ चा होळकरी धामधुमीतला दुष्काळ, १८७२ चा गिरणा-पांझरेचा पूर यांचे वर्णन आहे. टंचाईच्या वर्षांची जशी सलग मांडणी तिथे आहे, तशी कडाक्याच्या थंडीच्या वर्षांची नाही.

चौकटीबाहेर राहणारे : साक्री परिसरातील ठेलारी मेंढपाळ हिवाळ्यात कळपासह उघड्यावर असतात. भिजलेल्या मेंढीला थंडी झेपत नाही. डिसेंबर २०२१ च्या आरंभी अवकाळी पाऊस व गारठ्याने पुणे, अहमदनगर, नाशिक जिल्ह्यांत मोठ्या संख्येने मेंढ्या दगावल्या, तेव्हा हे राज्याला दिसले. मदतीच्या निकषात लहान जनावरांसाठी कुटुंबामागे ३० ची मर्यादा होती आणि दर मेंढीमागे ३,००० रुपये (२०२२ पासून ४,००० रुपये). दोनशेचा कळप असलेल्याचे उरलेले नुकसान त्याचे त्यालाच सोसावे लागते. शिवाय मेंढरू मेले तिथे पशुवैद्यक पोहोचेपर्यंत कळपाला पुढे निघायचे असते.

माणसांच्या मृत्यूचा हिशेब त्याहून अवघड. मृताच्या वारसाला ४ लाख रुपये मिळू शकतात, पण मृत्यू त्या आपत्तीनेच झाला हे प्रमाणित व्हावे लागते. थंडीने मरणाऱ्याच्या कागदावर बहुधा हृदयविकार किंवा श्वसनविकार लिहिला जातो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशव्यापी मृत्युनोंदींवर आधारलेल्या एका अभ्यासाने २०१५ या वर्षी भारतात ३० ते ६९ वयोगटात पक्षाघात, हृदयविकार व श्वसनविकाराचे सुमारे १,९७,००० मृत्यू मध्यम थंडीशी जोडले. हा आकडा अतितीव्र थंडीच्या मृत्यूंच्या १२ पट आहे. लाटेच्या व्याख्येवर बांधलेली मदत कोणापर्यंत पोहोचू शकत नाही, ते यावरून कळते.

शेतीपंपांना थ्री-फेज वीज आठवड्याच्या पाळीने रात्री मिळत आली आहे. त्यामुळे जानेवारीत रात्री दीड-दोनला पाणी भरायला जाणे हा खानदेशातल्या शेतकऱ्याचा व सालदाराचा नेहमीचा क्रम आहे. गुडघाभर चिखलात, ओल्या पायांनी, कानाला मफलर गुंडाळून तो हातातल्या बॅटरीच्या उजेडात बांध फोडतो आणि पहाटे शेकोटीशी येतो. पिकाला थंडीपासून वाचवण्याची शिफारस तो अशी पाळतो. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. ज्या शिवाराच्या वाहिनीवर ती वीज येते, तिथली रात्रपाळी सुटते. बाकीच्या शिवारांत बाऱ्यांचे वेळापत्रक अजून रात्रीच्या विजेवरच ठरते.