पार्श्वभूमी : मध्यम भूकंप आणि प्रस्तरभंगांचा गुंता

१९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर पॉइंट रेजजवळ एक सरळ कुंपण मधोमध तुटलेले दिसले. त्याचा अर्धा भाग उरलेल्या भागापासून अडीच मीटर बाजूला गेला होता. अशाच खुणा मोजून भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरी फील्डिंग रीड यांनी १९१० मध्ये मांडणी केली, की खडक वर्षानुवर्षे ताण सोसत वाकत राहतात आणि सोसवेनासा झाला की प्रस्तरभंगावर, म्हणजे खडकांतल्या मोठ्या भेगेवर, झटक्यात सरकतात. ही मांडणी आजही टिकून आहे. पण त्या कुंपणाने एक सवयही लावली. प्रस्तरभंग म्हणजे जमिनीवर दिसणारी रेघ आणि एक रेघ म्हणजे एक भूकंप, असाच हिशेब पुढे कित्येक दशके चालला.

ही सवय मोडण्यात मध्यम भूकंपांचा वाटा मोठा आहे. महाभूकंपात शेकडो किलोमीटर जमीन फाटते आणि त्या गदारोळात कोणता तुकडा कशामुळे सरकला ते वेगळे काढणे अवघड जाते. पाच-सहा तीव्रतेच्या धक्क्यात फाटणारा भाग लहान असतो. नंतरचे शेकडो बारीक धक्के त्याच्या आजूबाजूलाच बसतात. त्यांची ठिकाणे खोलीसकट मांडली, की डोळ्यांना न दिसणारी भेग ठिपक्याठिपक्यांनी उभी राहते.

१ ऑक्टोबर १९८७ रोजी सकाळी लॉस एंजेलिसजवळ व्हिटियर नॅरोज येथे ५.९ तीव्रतेचा धक्का बसला. जवळच व्हिटियर हा ओळखीचा प्रस्तरभंग होता, त्यामुळे संशय आधी त्याच्यावरच जाणार. पण जमीन कुठेच फाटली नव्हती. ठिपके मांडल्यावर सुमारे १४ किलोमीटर खोलीवर, उत्तरेकडे हलक्या उताराने गेलेली एक वेगळीच भेग दिसली. तीन दिवसांनी ५.३ चा धक्का आला. तो त्या उतारावरचा नव्हता, तर त्याच्या पश्चिम कडेला उभ्या असलेल्या दुसऱ्या भेगेवरचा होता आणि तिथे खडक आडवे सरकले होते. म्हणजे पहिली भेग जिथे थांबली, तिथे दुसरी उभी होती.

या झाकलेल्या भेगेचा माग पुढे भूशास्त्रज्ञ जॉन शॉ आणि पीटर शिअरर यांनी लावला. तेल शोधणाऱ्यांनी जमिनीत कृत्रिम कंपने सोडून थरांच्या ज्या प्रतिमा मिळवल्या होत्या, त्यांच्याशी त्यांनी १९८७ चे ठिपके जुळवून पाहिले. १९९९ मध्ये प्युएंटे हिल्स हा प्रस्तरभंग अशा रीतीने समोर आला. तो थेट लॉस एंजेलिस शहराखालून जातो.

दरम्यान १९९२ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातच जोशुआ ट्री येथे ६.१ चा धक्का बसला आणि दोन महिन्यांनी त्याच्या उत्तरेला लँडर्सचा ७.३ चा भूकंप झाला. नकाशावर वेगवेगळ्या नावांनी नोंदलेले पाच प्रस्तरभंग त्यात एकापाठोपाठ एक फाटले. जिथे एक रेघ संपते तिथे भूकंपही संपतो, हे गृहीतक त्यानंतर टिकणे शक्यच नव्हते. तरी हिशेबाच्या सूत्रांत हा बदल उतरायला वेळ लागला. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या कॅलिफोर्नियाच्या नव्या अंदाजात फाटणी एका प्रस्तरभंगावरून दुसऱ्यावर जाऊ शकते हे धरले गेले. तेव्हा पुढच्या ३० वर्षांत ८ किंवा त्याहून मोठ्या भूकंपाची शक्यता ४.७ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर गेली. उलट ६.७ च्या आसपासचे भूकंप सरासरी ४.८ ऐवजी ६.३ वर्षांनी होतील असे दिसले. साठलेला ताण तेवढाच आहे. तो मोठ्या नोटांत खर्च होणार असेल, तर सुट्टे कमीच लागणार.

२०१९ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातील रिजक्रेस्टला हे सगळे डोळ्यांसमोर घडले. ४ तारखेच्या ६.४ च्या धक्क्यात एकमेकींना जवळपास काटकोनात असलेल्या भेगा सरकल्या. ३४ तासांनी त्याच गुंत्यातून ७.१ चा भूकंप उसळला. तो दक्षिणेला गार्लॉक या मोठ्या प्रस्तरभंगाच्या अलीकडेच थांबला. मात्र गार्लॉकचा काही भाग त्यानंतर मोठा धक्का न देताच किंचित सरकल्याचे उपग्रहांच्या रडारने टिपले.