पहिलवान डॉक्टर आणि न थांबणारं दुखणं

जखम भरून आली, एक्स-रे स्वच्छ आला, रक्ताचे आकडे जागच्या जागी आहेत. तरीही दुखणं थांबत नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकलेल्या किंवा परतपरत येणाऱ्या वेदनेला आज 'जुनाट वेदना' म्हणतात आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर वेगळे असतात. ही शाखा उभी राहायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

इतका उशीर होण्याचं मूळ एका जुन्या चित्रात सापडतं. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या मृत्यूनंतर, १६६४ मध्ये त्याचा मानवी शरीरावरचा ग्रंथ फ्रेंचमध्ये छापला गेला. त्यात वेदना समजावली आहे ती दोरी आणि घंटेच्या दाखल्यानं: पायाला विस्तव लागला की दोरी ओढली जाते आणि वर मेंदूत घंटा वाजते. दाखला मनात पक्का बसणारा होता, म्हणूनच तो घातक ठरला. दोरी ओढणारं कुणी दिसलं नाही, तर घंटा वाजतेय असं म्हणणाऱ्यावरच संशय जायचा.

या चित्रात न बसणारे रुग्ण डॉक्टरांना दिसत नव्हते असं नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सायलस वीर मिचेल या डॉक्टरनं गोळीनं मज्जातंतू दुखावलेल्या सैनिकांची बारकाईनं नोंद केली. जखम बरी झाली तरी त्यांच्या हातापायांची आग होत राहायची. कोरड्या कातडीला नुसता स्पर्श झाला तरी सहन होत नसे, म्हणून काही जण पाण्याची बाटली आणि स्पंज जवळ बाळगून हात सतत ओला ठेवत. कुणी बुटातही पाणी ओतून घेई. मिचेलच्या नोंदी १८६४ मध्ये प्रसिद्ध झाल्या, पण त्यातून अशा रुग्णांसाठी कुठलीही व्यवस्था उभी राहिली नाही.

ती उभी केली जॉन बोनिका यांनी. जन्म १९१७ चा, सिसिलीजवळच्या फिलिकुदी या छोट्या बेटावरचा. लहानपणीच ते कुटुंबाबरोबर न्यूयॉर्कला आले. वडील लवकर गेले आणि शिक्षणाचा खर्च भागवायला हा मुलगा व्यावसायिक कुस्तीच्या आखाड्यात उतरला. वैद्यकीचं शिक्षण चालू असताना आणि पुढे लष्करात डॉक्टर झाल्यावरही ते कुस्त्या खेळत राहिले, कधी टोपणनावानं तर कधी तोंडावर मुखवटा चढवून. मोडलेले कान आणि झिजलेले सांधे ही त्या कुस्तीची कमाई त्यांना जन्मभर पुरली. शेवटची कित्येक वर्षं ते स्वतःच जुनाट वेदनेचे रुग्ण होते.

भूलशास्त्राशी त्यांचं नातं जडलं त्याला घरातलाच एक प्रसंग कारणीभूत होता. पत्नी एमा यांच्या पहिल्या बाळंतपणात इथरची भूल देताना त्यांना उलटी झाली, श्वास कोंडला आणि जीवावर बेतलं. बोनिकांनी स्वतः पुढे होऊन श्वासमार्ग मोकळा केला. मायलेकी वाचल्या. कमरेतून इंजेक्शन देऊन प्रसूतीच्या कळा कमी करण्याच्या पद्धतीचा त्यांनी पुढे जो हिरीरीनं प्रसार केला, त्यामागे ती रात्र होती.

१९४४ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, वॉशिंग्टन राज्यातल्या मॅडिगन लष्करी रुग्णालयाच्या भूल विभागाची जबाबदारी त्यांच्यावर आली. महायुद्धातून जायबंदी होऊन आलेले सैनिक तिथे हजारोंनी होते. ज्याचा पाय कापून टाकला आहे तो सांगायचा, तळपाय दुखतोय. नस सुन्न करण्याच्या इंजेक्शनांत बोनिकांचा हात बसला होता, पण अनेकांना त्यानं उतार पडेना. पाठ्यपुस्तकं उलटली तर वेदनेला वाहिलेली पानं मोजकीच निघाली. मग त्यांनी अस्थिरोगतज्ज्ञ, मेंदूचे सर्जन, मनोविकारतज्ज्ञ यांना दुपारच्या जेवणाला एकत्र बसवून एकेका रुग्णाचा विचार सुरू केला. वेगवेगळ्या चिठ्ठ्यांतून जे हाती लागत नव्हतं, ते समोरासमोर बोलल्यावर लागू लागलं. माझ्या मते बोनिकांचं खरं काम ते जेवणाचं टेबलच. त्यांच्या इंजेक्शनांपेक्षा ते मोठं आहे.

युद्ध संपल्यावर त्यांनी हीच पद्धत टाकोमाच्या रुग्णालयात नेली. १९५३ मध्ये वेदनेच्या उपचारांवरचा सुमारे दीड हजार पानांचा ग्रंथ लिहिला. १९६० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात भूलशास्त्राचा विभाग उभारायला ते सिअ‍ॅटलला गेले आणि तिथल्या पेन क्लिनिकमध्ये मेंदूचे सर्जन लोवेल व्हाइट व परिचारिका डोरोथी क्राउली यांना सोबत घेतलं. एका परिचारिकेला उपचार ठरवण्याच्या कामात बरोबरीनं बसवणं ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

देकार्तच्या दोरीला शास्त्रीय उत्तर मिळालं १९६५ मध्ये. मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी मांडलं की वेदनेचे संदेश मज्जारज्जूतल्या एका दारातून जातात आणि ते दार कितपत उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. भीती, लक्ष, आठवण यांना वेदनेच्या शास्त्रात हक्काची जागा मिळाली. १९७३ मध्ये बोनिकांनी सिअ‍ॅटलजवळच्या इसाक्वा इथे देशोदेशीचे संशोधक आणि डॉक्टर एकत्र बोलावले. वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना जन्मली ती त्या बैठकीतून.

इथपर्यंतची वाट चढती होती. पुढे अमेरिकेत घात झाला. अनेक तज्ज्ञांनी आठवडेच्या आठवडे करायच्या उपचारांना विमा कंपन्या पैसे देईनात आणि गोळी सोपी ठरली. १९८० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं पत्र छापून आलं होतं: रुग्णालयात अफूजन्य औषधं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन लागल्याच्या पक्क्या नोंदी फक्त चार. ही माहिती रुग्णालयात दाखल असलेल्यांची होती. ती घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांना लावली गेली. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे अफूजन्य वेदनाशामक बाजारात आलं. त्याच्या जाहिरातीत व्यसनाचा धोका कमी दाखवल्याबद्दल पर्ड्यू फ्रेडरिक कंपनीनं २००७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर असंख्य घरं उद्‌ध्वस्त झाली होती. त्यानंतर औषधांवर लगाम आले तेव्हा ज्यांना ती खरोखर लागत होती असे रुग्णही भरडले गेले, आणि याची मला विशेष चीड येते.

बोनिका हे सगळं पाहायला नव्हते. १९९४ च्या जुलैमध्ये एमा गेल्या आणि पुढच्याच महिन्यात ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात जुनाट वेदनेला स्वतःचा संकेतांक मिळाला: एमजी३०. त्यात दुसऱ्या कुठल्याही आजाराकडे बोट न दाखवता वेदना हाच आजार म्हणून नोंदवायची सोय आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं.